सायकलच्या पोटाखालचा नंबर

काळ्या स्प्रेनं रंगवलेली सायकल कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कुणाच्या नजरेत येत नाही. इथं निम्म्या वस्तू काळ्याच असतात. मला ती खटकली ती रंग मारायच्या पद्धतीमुळं. पॉलिश पेपर नाही, प्रायमर नाही, फ्रेमवरची धूळसुद्धा पुसलेली नाही. डबा हलवला आणि फवारा सोडला, असं काम. गिअरच्या केबलवर रंग, चेनवर रंग, पॅडलच्या रिफ्लेक्टरवरही रंग. खालच्या पाइपवरचं कंपनीचं नाव ब्लेडनं खरवडलेलं होतं आणि खरवडताना पडलेले चरे रंगाखालूनही दिसत होते. हौसेनं रंग बदलणारा माणूस निदान चेनवर एखादं फडकं तरी टाकतो.

सायकल चालवणारा पोरगा तेरा-चौदा वर्षांचा. सीट त्याच्या मानानं बरीच वर होती, त्यामुळं थांबायचं झालं की एका अंगावर कलून उडी मारायचा. शेजारच्या फौंड्रीत त्याचे वडील मोल्डिंगला आहेत. शाळेला जायच्या आधी हा त्यांचा डबा पोचवायचा आणि जाता जाता आमच्या चहाच्या गाड्यापाशी घटकाभर रेंगाळायचा.

माझं लेथचं वर्कशॉप आहे. सकाळी जमेल तेव्हा मी स्वतः सायकल मारतो, कळंब्यापर्यंत तरी, आणि रविवारी सोबत असली तर जोतिबापर्यंत. त्यामुळं ही गिअरची सायकल नवी केवढ्याला मिळते याचा अंदाज होता. पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. सीट वर आहे, कारण सायकल मोठ्या भावाची असेल. रंग पोरानं स्वतःच मारला असेल. त्या वयात काळं-कुट्ट सगळंच भारी वाटतं. नाव खरवडलं असेल, कारण मित्रांनी चिडवलं. आणि खरं सांगायचं तर हीच सायकल ताराबाई पार्कातल्या एखाद्या बंगल्यासमोर त्या बंगल्यातल्या पोराच्या हातात दिसली असती, तर माझी नजर एवढा वेळ तिच्यावर थांबली असती का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. पोराच्या पायातल्या स्लिपरा बाजूला ठेवून नुसत्या सायकलकडं बघायचं, असं ठरवलं. तरीही ते चरे जागेवरच होते.

आमच्याकडं कॉम्प्रेसर आहे, त्यामुळं गल्लीतल्या सगळ्या गाड्या हवेला आमच्याकडंच येतात. एके दिवशी हा पोरगाही आला. चेनही उतरलेली होती. सायकल उलटी करून हँडल आणि सीटवर उभी केली, चेन बसवली, आणि क्रँकच्या खाली, जिथं दोन्ही पॅडलचा आस जातो त्या गोल डब्याच्या बुडाला, बोट फिरवलं. सायकलचा फ्रेम नंबर बहुतेक तिथंच ठोकलेला असतो. काहींना सीटच्या पाइपवर किंवा मागच्या चाकाच्या पकडीजवळ असतो, पण आधी बघायचं ते इथं. चिखल आणि ग्रीसचा थर साचलेला होता. रॉकेलचं फडकं फिरवलं तर अक्षरं आणि आकडे लागले हाताला. फवारा मारणाऱ्यानं सायकल उभी ठेवूनच मारला होता. पोटाखाली रंग पोचलेलाच नव्हता.

नंबर शाबूत होता हे नशीब. तो ग्राइंडरनं उडवलेला असता तर ती स्वतःच एक मोठी खूण झाली असती, कारण प्रामाणिक मालकाला तो नंबर उडवायचं काहीच कारण नसतं. शिवाय मी रोज नंबर पंच मारणारा माणूस आहे. हातोडीचा ठोका धातूत दिसतो त्यापेक्षा खोल जातो. वरचा थर घासून काढला तरी खालचा दबलेला धातू तसाच राहतो आणि प्रयोगशाळेत अॅसिड लावून तो आकडा पुन्हा वर आणता येतो. चोरांना हे ठाऊक नसतं, हे बरंच आहे.

मी नंबर जॉब कार्डाच्या मागं लिहून घेतला. पोराला काही विचारलं नाही. तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी सायकल गाड्यापाशी लावलेली असताना तिचे दोन-तीन फोटो काढले, नुसत्या सायकलचे. पोरगा एकाही फोटोत येऊ दिला नाही. पुढं हे फार कामाला आलं. मूल अल्पवयीन असेल तर त्याची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नं बंदी आहे. आणि मोठ्या माणसाचा फोटो ‘हा बघा सायकलचोर’ म्हणून फिरवला आणि तो चोर निघाला नाही, तर बदनामीचा खटला आपल्यावरच.

गाड्यावर मी हे बोललो तेव्हा शेजारचा वेल्डर म्हणाला, “त्यात काय एवढं? पोराला आत घे, दोन द्या कानाखाली, पटकन सांगतंय बघ कुठनं आणली ती.” कोल्हापुरात कुणालाही विचारा, पहिला सल्ला हाच मिळेल. आपल्याकडं तपासाला वेळ लागतो, न्याय मात्र जागेवर मिळतो. मला तो रस्ता नको होता. एक तर पोराला हात लावायची इच्छा नव्हती, दुसरं म्हणजे कायदा. सामान्य नागरिकाला एखाद्याला धरून ठेवायचा हक्क आहे, पण तो आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला तर. तेव्हासुद्धा जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायला लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०. कधीतरी, कुठंतरी, कुणीतरी चोरलेली सायकल आज कुणाकडं तरी दिसली, एवढ्यावर कुणाची बखोटी धरता येत नाही. आणि सायकल ‘जप्त’ करून आपल्या दुकानात आणून ठेवली तर चोरीचा माल ठेवणारे आपणच.

मग करायचं काय? मोटारसायकल असती तर एमएच ०९ नंतरचे आकडे टाकले की मालकाचा माग निघाला असता. मोबाईल असता तर त्याला आयएमईआय नंबर असतो, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो ब्लॉक करता येतो. सायकल मोटार वाहन कायद्यात बसतच नाही, तिला आरटीओ नाही, विमा नाही, नोंदणी नाही. आमच्या आजोबांच्या सायकलला नगरपालिकेचा बिल्ला असायचा. दरवर्षी कर भरायचा, नवा बिल्ला घ्यायचा, आणि नसला की चौकात अडवायचे. तो कर म्हणजे तेव्हाच्या लोकांना कटकट वाटायची. पण त्या निमित्तानं कुठल्यातरी वहीत सायकल आणि माणूस एका ओळीत लिहिलेले असायचे. आज तशी वहीच नाही. पोटाखाली ठोकलेला नंबर आहे, आणि तो कुठल्या कागदावर उतरला असेल तर तो विकणाऱ्या दुकानदाराकडं किंवा घेणाऱ्याच्या घरात. त्या लोखंडाची आणि त्या कागदाची गाठ घालून द्यायची, एवढंच बघणाऱ्याच्या हातात असतं असं मला वाटलं. बाकी सगळं दुसऱ्यांचं काम.

आमच्या सकाळच्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी लिहिलं: अमुक बनावटीची, अमुक मापाची गिअरची सायकल कुणाची गेल्या वर्षभरात गेली असेल तर मला एकट्याला फोन करा. फोटो टाकला नाही. रंग सांगितला नाही. कुठं दिसली ते सांगितलं नाही, आणि फ्रेम नंबर तर अजिबातच नाही. पुष्कळ लोक इथं उलटं करतात. कळकळीनं सगळे फोटो, सगळे नंबर, जागेसकट टाकून देतात. मग ज्याला सायकल हवी आहे त्याला मालक व्हायला फक्त तो मजकूर वाचावा लागतो. शिवाय तो मजकूर फिरत फिरत सायकल ज्याच्याकडं आहे त्याच्यापर्यंत पोचला तर संध्याकाळपर्यंत तिचे सुटे भाग झालेले असतात.

पहिला फोन कळंब्याकडच्या एका गृहस्थांचा. आवाज एकदम ठाम. “माझीच ती. सांगा कुठं हाय, पोरं घेऊन येतो.” मी विचारलं, ब्रेक कसले होते? म्हणाले, डिस्क. ही साध्या ब्रेकची होती. “आवो, मग बदलले असतील त्यांनी!” डिस्कवरून साधे ब्रेक घालायला चाकाची रिम, फोर्क, फ्रेमवरचे खिळे, सगळं बदलावं लागेल, एवढा उद्योग चोर करत नाही. ते गृहस्थ खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. सायकल गेलेल्या माणसाला गावातली प्रत्येक सायकल थोडीफार आपलीच वाटते. म्हणून तर दाखवायच्या आधी विचारायचं.

नंतर एका मुलीचा फोन आला. मूळची इचलकरंजीची, इथं मामाकडं राहून शिकते. “काका, ग्रुपवरचं मला माझ्या मैत्रिणीनं पाठवलं. माझी रंकाळ्यावरनं गेली, पद्माराजे उद्यानाच्या बाजूनं. मी चालायला गेलतो, कुलूप घातलेलं होतं, आलो तर कुलूपबी नाही आणि सायकलबी नाही.” पोटाखाली उरलेला मूळ रंग, माप, ब्रेक, सगळं जुळत होतं, पण ते हजार सायकलींना जुळेल. मी म्हटलं, बाळ, असं काहीतरी सांग जे फक्त तुलाच ठाऊक असेल. ती जरा थांबली आणि म्हणाली, “डाव्या पॅडलला बुश हाय. पितळेची.”

इथं माझ्यासारख्या माणसाचे कान टवकारणारच. सायकलच्या डाव्या पॅडलचा आटा उलटा असतो, म्हणजे सुलट फिरवला की सुटतो. नाहीतर चालवता चालवता पॅडल आपोआप ढिलं होऊन निघून येईल. ज्याला हे ठाऊक नाही तो जोर लावून नेहमीच्या दिशेनं आवळायला जातो आणि क्रँकचा आटा मारून ठेवतो. हिच्या सायकलचं तेच झालेलं. नवीन क्रँक बसवायच्या ऐवजी इचलकरंजीतल्या कुणा यंत्रमागाच्या फिटरनं भोक मोठं करून आत पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, घातली आणि तिच्यात नवा उलटा आटा पाडून दिला. स्टीलची घालायला हवी होती, पण असो. हाताशी असेल ते वापरणारी आपली जात. पुढच्या वेळी पोरगा गाड्यापाशी आला तेव्हा मी वाकून डाव्या क्रँकच्या मागच्या बाजूनं बघितलं. काळ्या रंगामागं पिवळं कडं दिसलं.

त्यानंतर मी तिला फ्रेम नंबर विचारला. नंबर तिला ठाऊक नव्हता. फार थोड्यांना असतो. आणि आणखी एक गोष्ट कळली: तिनं तक्रारच दिलेली नव्हती. “सायकलीसाठी कोण पोलिसात जातंय, काका?” असं तिचं म्हणणं, आणि मामांचंही तेच. हे मी नंतर बऱ्याच जणांकडून ऐकलं. पण तक्रार नसेल तर कागदोपत्री चोरी झालेलीच नाही. मग जी सायकल दिसली ती चोरीची कशी म्हणायची? हे मी तिला फोनवर समजावलं आणि कागद शोधायला लावले. घरी बिल सापडलं, जुनं, १२ टक्के जीएसटी लावलेलं (सप्टेंबर २०२५ पासून सायकलवर ५ टक्के झाला). बिलावर मॉडेल होतं, नंबर नव्हता. नंबर निघाला तो वॉरंटी कार्डावर, दुकानदारानं पेनानं लिहिलेला. तिनं कार्डाचा फोटो पाठवला. मी जॉब कार्ड काढून शेजारी धरलं आणि एकेक अक्षर बोटानं मोजत गेलो. मधलं एक अक्षर दुकानदारानं असं काढलेलं की पाच म्हणावं की इंग्रजी एस, पत्ता लागेना. पण बाकी सगळं तंतोतंत.

चोरी रंकाळ्यावर, सायकल उद्यमनगरात. हद्दी दोन. आता कुठंही गुन्हा नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, तसं झालंच तर शून्य क्रमांकानं नोंदवून तो योग्य ठाण्याकडं वर्ग करतात. तरी आम्ही चोरी झाली त्या हद्दीतल्या ठाण्यातच गेलो, कारण पुढचा तपास शेवटी तिथंच येणार. मुलगी, तिचे मामा आणि मी. ठाणे अंमलदारांसमोर मामांनी सुरुवात केली ती थेट “आम्हाला चोर ठाऊक हाय साहेब” अशी. मी त्यांना हळूच दाबलं. आम्हाला चोर ठाऊक नव्हता. आम्हाला सायकल कुठं आहे ते ठाऊक होतं. या दोन वाक्यांत एका पोराचं आयुष्य इकडचं तिकडं होऊ शकतं.

अंमलदार शांत होते. त्यांचा पहिला प्रश्न किमतीचा. मला वाटलं उगाच टाळतायत, पण त्यामागं कायदा होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. चोरीचं जुनं ३७९ कलम गेलं, आता ३०३ आहे. ठाण्यातली जुनी माणसं अजून तोंडानं ३७९ च म्हणतात आणि लिहिताना दुरुस्त करतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, किंवा दंड, किंवा दोन्ही. पण चोरीला गेलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांच्या आत असेल, आरोपी पहिल्यांदाच सापडला असेल आणि त्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. आणि ५,००० च्या आतली चोरी आता अदखलपात्र. म्हणजे एनसी (नुसती अदखलपात्र नोंद) लिहून घेतात, आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. विचार करा, आपल्याकडच्या कितीतरी साध्या सायकली या रेषेच्या खाली येतात. दूधवाल्याची, पेपरवाल्याची, शाळेच्या पोराची सायकल गेली की तो एनसीचा कागद. ज्याला सायकलीवाचून चालतं त्याची महागडी सायकल मात्र दखलपात्र. हे मला अजून पटलेलं नाही.

हिची सायकल नवी १४,५०० ची होती. वापरलेली म्हणून अंमलदारांनी किंमत उतरवली, तरी रेषेच्या बरीच वर राहिली. बिल नसतं तर हे सांगणं अवघड गेलं असतं. मग ‘तक्रार द्यायला उशीर का झाला’ याचं कारण लिहावं लागलं. त्यांनी सल्ला दिला, खरं आहे ते लिहा, सजवू नका. तिनं लिहिलं: सायकल परत मिळेल असं वाटलं नाही म्हणून आले नाही. फिर्याद वाचून दाखवली, तिनं सही केली, आणि प्रत हातात मिळाली. ती फुकट मिळते, तो हक्कच आहे. कुणाला घरबसल्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं तक्रार द्यायची असेल तर तीही चालते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

माझा जबाब वेगळा घेतला. मी कधी बघितली, काय बघितलं, नंबर कसा मिळाला. “पोराला काही बोललात?” नाही. “बापाला?” नाही. “बरं केलंत,” एवढंच म्हणाले. संशयाचं काही लिहायचं नाही, फक्त डोळ्यांनी दिसलं ते सांगायचं, असं बजावलं. मी ब्लेडचे चरे सांगितले, पितळी बुश सांगितली. बुशचं स्पेलिंग आणि उलट्या आट्याचं प्रकरण समजावताना त्यांच्या टेबलावरच्या दोन पेनांची टोपणं कामाला आली.

हवालदार फौंड्रीत आले तेव्हा साध्या कपड्यांत होते. मी आधी समजलो, ते गुपचूप काम म्हणून. नंतर कळलं, लहान मुलाशी बोलायचं असेल तर वर्दीत जायचंच नसतं, तसा नियम आहे. पोराला त्यांनी वडिलांच्या समोरच विचारलं. सायकल वडिलांनी घेतलेली, एका मजूर अड्ड्यावर ओळख झालेल्या माणसाकडून, १,८०० रुपयांना. “गावाकडं चाललोय, पैशाची नड हाय, म्हणून देतो,” असं त्या माणसानं सांगितलेलं. काळा रंग आधीच मारलेला होता. बिल विचारलं का? “सायकलीचं बिल कोण मागतंय, साहेब?”

कायद्याच्या दृष्टीनं धोका इथंच आहे. चोरीचा माल घेणं आणि बाळगणं हा वेगळा गुन्हा आहे, पूर्वीचं ४११, आताचं कलम ३१७. माल चोरीचा आहे हे ठाऊक होतं, एवढंच त्यात बघत नाहीत. चोरीचा आहे असं मानायला कारण होतं का, हेही बघतात. दहा हजारांची वस्तू दोन हजाराच्या आत, बिलाशिवाय, ओळख नसलेल्या माणसाकडून, हे कारण म्हणून पुढं येऊ शकतं. त्या मोल्डरला वाचवलं ते एका साध्या गोष्टीनं. त्यानं पैसे रोख दिले नव्हते. मोबाईलवरून यूपीआयनं पाठवले होते. व्यवहार फोनमध्ये होता, तारखेसकट, समोरच्याच्या नावासकट. लपवायचं असतं तर असा माग कोण ठेवेल? हवालदारांनी तो स्क्रीनशॉट घेतला, आणि मोल्डर आरोपीऐवजी साक्षीदार झाला. कुणी जुनी सायकल घेत असेल तर मी आता एवढंच सांगतो: बिल नसलं तरी उलटी करून नंबर बघ, विकणाऱ्याच्या ओळखपत्राचा फोटो घे आणि पैसे फोनवरून दे. प्रामाणिक माणसाची यातल्या कशालाच ना नसते.

पंचनामा चहाच्या गाड्यापाशीच झाला. मी साक्षीदार म्हणून मला पंच होता आलं नाही, गाडेवाला आणि वेल्डर पंच झाले. कानाखाली द्यायला निघालेला वेल्डर सही करताना एकदम गंभीर. नंबर, चरे, बुश, सगळं लिहिलं, फोटो काढले, क्रँकला लेबल बांधलं आणि सायकल टेम्पोत चढली.

त्या संध्याकाळी मोल्डर माझ्या दुकानात आला. बसला नाही. “पाव्हणं, आधी मला सांगितलं असतं तर मी स्वतः नेऊन दिली असती की त्या पोरीला.” त्याचा स्वभाव बघता खरंच दिली असती. मी त्याला सांगितलं ते आजही मला बरोबरच वाटतं. त्यानं परस्पर दिली असती तर पोरीची सायकल मिळाली असती, विकणारा अड्ड्यावरच राहिला असता आणि मोल्डरचे १,८०० गेले असते. उद्या मुलीच्या मामांनी, जे सुरुवातीपासूनच तापलेले होते, चोरीचं नाव याच्यावरच घातलं असतं, तर त्याच्याकडं कुठलाच कागद नसता. आता निदान त्यानं कुणाकडून घेतली हे सरकारी कागदावर आहे. त्यानं ऐकून घेतलं. पटलं असेल असं नाही. पोराच्या वर्गात ‘पोलिस आलते’ ही बातमी पोचलीच होती आणि ती कुठल्याही पंचनाम्यानं पुसली जात नाही. पोरगा आता डबा घेऊन चालत येतो. गाड्यापाशी थांबत नाही.

यूपीआयच्या नावावरून पोलिसांनी विकणारा गाठला. त्याच्याकडं आणखी काही सायकलींची माहिती निघाली म्हणे. ते प्रकरण त्यांचं, मला त्यातलं फारसं ठाऊक नाही.

मालाची गोष्ट मात्र इथं संपत नाही. सायकल सापडली म्हणजे मालकाला मिळाली असं नाही. ती आता मुद्देमाल. ठाण्याच्या आवारात धूळ खात पडलेल्या गाड्या सगळ्यांनी बघितल्यात. ती सोडवायला मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करावा लागतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४५१ आणि ४५७ म्हणायचे, आता नागरिक सुरक्षा संहितेत ४९७ आणि ५०३. जप्त वस्तू विनाकारण ठाण्यात कुजवू नयेत, फोटो आणि पंचनामा करून, बंधपत्र घेऊन लवकर सोडाव्यात, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगून ठेवलंय. वकिलांनी अर्जात तेच लिहिलं. गंमत म्हणजे मामा पहिल्या तारखेला सीपीआर रुग्णालयासमोर जाऊन उभे. १८ ऑगस्ट २०२५ ला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच तिथल्या जुन्या इमारतीत सुरू झाल्यापासून गावात कोर्ट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तेच येतं. आमचं काम कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात होतं. रिक्षा करून आले, घामाघूम.

अर्जासोबत फिर्यादीची प्रत, बिल, वॉरंटी कार्ड, मुलीचं आधार आणि सायकलसोबतचा तिचा एक जुना फोटो जोडला. पोलिसांचं म्हणणं मागवलं, त्यांची हरकत नव्हती. आदेश झाला, बंधपत्र झालं. आदेशाची प्रत घेऊन ठाण्यात मुद्देमाल कारकुनांकडं गेलो, त्यांनी नोंदवहीत ओळ शोधली, लेबल जुळवलं, सही घेतली. अटी साध्या: खटला संपेपर्यंत विकायची नाही, रूप बदलायचं नाही, कोर्टानं मागितली की हजर करायची. मुलीला काळा रंग काढून टाकायची घाई झाली होती. वकील म्हणाले, थांब, तो रंगसुद्धा पुरावा आहे. हवा भरायला चालेल का, असं तिनं विचारलं तेव्हा कारकूनही हसले.

मधल्या काळात चौकशी करणारे फोन वाढलेत. परवा एकजण म्हणाला, रंकाळ्याच्या कट्ट्याला एक सायकल चार-पाच दिवस बेवारस पडून आहे, घरी आणून ठेवू का, मालक आला की देईन. मी म्हटलं, हात लावू नकोस. बेवारस दिसणारी वस्तू चांगल्या मनानं आणली आणि पुढं मालक न शोधता वापरू लागलास, तर अपहाराचं कलम तुझ्यावर लागू शकतं. ११२ ला फोन कर किंवा जवळच्या ठाण्यात सांग, आणि कुणाशी बोललास ते आणि किती वाजता ते लिहून ठेव. त्यानं केला फोन. सायकल एका मॉर्निंग वॉकवाल्या आजोबांची निघाली. तिथं लावून ते रिक्षानं घरी गेले होते आणि घरचे सगळं गाव शोधत होते.

मोल्डरचे १,८०० अजून अडकलेत. ते विकणाऱ्याकडूनच वसूल व्हायचे, आणि ते कधी होतील हे खटल्यावर आहे. त्याला मी माझ्या वकिलांकडं नेलं होतं. वकिलांनी फी घेतली नाही, आशाही फार दाखवली नाही. दोषारोपपत्र गेल्याचं हवालदारांनी कळवलंय. साक्षीदारांच्या यादीत माझं नाव आहे, मोल्डरचं आहे, वेल्डर आणि गाडेवाला पंच म्हणून आहेत. समन्स अजून आलेलं नाही. वर्कशॉप बदलायचा विचार चाललाय हे मी हवालदारांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, खुशाल बदला, फक्त नवा पत्ता ठाण्यात लेखी देऊन जा.